सगळ्यात पवित्र दलदल

टॅमरॅक पोर्टेजमध्ये कुणीही तुम्हाला आपला ट्रक चालवायला देईल, फ्रीजरमधला मूस या थोराड हरणाच्या मटणाचा मोठा तुकडा देईल, हिवाळ्यात तुमच्या दारातला बर्फ न सांगता उपसून जाईल. फक्त त्याने ब्लूबेरी कुठे तोडल्या एवढं विचारायचं नाही. विचारलंत तर तो आधी आभाळाकडे बघेल, मग स्वतःच्या बुटांकडे, मग एक मोठा उसासा टाकेल आणि म्हणेल, "दलदलीत."

दलदल गावापासून चार मैलांवर आहे. तिथे डास आहेत, बेडूक आहेत आणि कुणाच्या तरी आजोबांचा रुतलेला ट्रॅक्टर आहे. ब्लूबेरीचं झुडूप औषधालाही नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि तरी पिढ्यान् पिढ्या प्रत्येकाने प्रत्येकाला दलदलीतच धाडलं आहे. याला गावात खोटं बोलणं म्हणत नाहीत. रीत म्हणतात.

टॅन्सी बेनवाची कोकोम, म्हणजे आजी, या रीतीत सगळ्यांच्या वरची. तिचं नाव फिलोमीन, पण अख्खं गाव तिला कोकोमच म्हणे. वय एकोणऐंशी, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. तिने आपल्या नवऱ्यालाही छत्तीस वर्षांच्या संसारात जागा सांगितली नाही. तो बिचारा जॅम चाटत चाटत सुखाने गेला, पण अज्ञानात गेला. पाद्रीबाबांनी एकदा कबुलीजबाब ऐकताना आडून आडून विचारलं, तर त्यांनाही दलदलच मिळाली. त्यांचा एक बूट अजून तिथे आहे.

टॅन्सीला मात्र जागा माहीत होती. ती सात वर्षांची असल्यापासून कोकोम तिला न्यायची. जागा म्हणजे जळका डोंगर. कधीकाळी तिथे वणवा लागून गेला, त्यानंतर खडक उघडे पडले आणि त्यांच्या भेगाभेगांतून ब्लूबेरी उगवल्या, इतक्या की ऑगस्टमध्ये बसल्या जागी बादली भरावी. पण तिथे सरळ जायचं नाही. आधी ट्रक जुन्या लाकूडगिरणीपाशी उलट्या तोंडाने लावायचा. हातात गळ घ्यायचा, सगळ्यांना दिसेल असा. अर्धा मैल तळ्याच्या दिशेने चालायचं, आणि मग एकदम झाडीत शिरायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच, फक्त इथे भांडं जॅकेटच्या आत असे.

इतकं करूनही दर वर्षी एक घोटाळा असायचाच. काही झुडपं त्यांच्या आधीच कुणीतरी तोडून गेलेलं असे.

"अस्वल," कोकोम म्हणायची.

हे अस्वल एकही फांदी मोडत नसे. कच्च्या ब्लूबेरींना हात लावत नसे. एका वर्षी ते आपल्या थर्मासचं झाकण खडकावर विसरून गेलं.

"अस्वलं हल्ली शिकलीत," कोकोम म्हणाली आणि ते झाकण होतं तिथेच नीट ठेवून दिलं.

आता यात सरकार कुठून आलं? सरकारला कुठे बोलवावं लागतं?

झालं असं, की ही सगळी नदी, तिचं सगळं खोरं इथल्या मूळच्या अल्गॉन्क्विन लोकांचं. त्यांनी ते कधी विकलं नाही, कधी कुठल्या तहावर सही केली नाही, कुणाला भेट म्हणून दिलं नाही. अडीचशे वर्षांनी ही बारीकशी गोष्ट सरकारच्या ध्यानात आली. मग वाटाघाटी सुरू झाल्या. त्या टॅन्सीच्या जन्माच्या आधीपासून चालू होत्या आणि त्यांतून असं ठरत आलं होतं, की सरकारने शंभर एकरांतले दीड एकर परत द्यायचे आणि बाकीच्या साडेअठ्ठ्याण्णव एकरांबद्दल अल्गॉन्क्विन लोकांनी यापुढे तोंड उघडायचं नाही. दीड एकर देताना सरकारचा चेहरा असा, जणू लेकराच्या तोंडचा घास काढून देतंय.

वाटाघाटीला प्रत्येक गावाचा एक प्रतिनिधी. टॅमरॅक पोर्टेजमध्ये राहतात चौऱ्याण्णव माणसं, पण मतदारयादीत नावं दोन हजारांच्या वर. कारण ज्याचा कुणी पूर्वज जुन्या कागदात सापडला, तो कुठल्याही शहरात राहत असो, त्याला टपालाने मत. अशा टपालातून गावाचे प्रतिनिधी निवडून आले ते डॉ. क्लेटन वेदरबी. ते दातांचे डॉक्टर, गावापासून पाच तासांवर राहणारे. त्यांना पन्नाशीत शोध लागला की नऊ पिढ्यांमागची आपली एक आजी इथली होती. टॅन्सीने गणिताच्या तासाला मागच्या बाकावर हिशेब केला होता. नऊ पिढ्या मागे गेलं की माणसाला पाचशे बारा पूर्वज असतात. बाकीचे पाचशे अकरा बहुधा वाटाघाटीत समोरच्या बाजूला बसले असणार.

उलट कोकोमला आपण इथले आहोत हे सिद्ध करायला तीन वर्षं लागली. तिच्या पणजीचं नाव चर्चच्या वहीत कुणा जुन्या पाद्र्याने "मेरी, रानटी" एवढंच लिहून ठेवलं होतं, आणि कार्यालयाचं म्हणणं पडलं की या नावाच्या बऱ्याच जणी आहेत. शेवटी दाखला आला तेव्हा कोकोमने तो स्वयंपाकघरात टांगला. पाहुण्यांना म्हणायची, "बघा, आता मी कायद्याने माझ्या पणजीची नात आहे." टॅन्सी म्हणायची, "अगं, पणती." कोकोम म्हणायची, "तेच ते."

डॉक्टर माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. वर्षातून दोनदा यायचे, सगळ्यांची चौकशी करायचे आणि प्रत्येकाला एकेक टूथब्रश द्यायचे. गावाकडे जमीन नव्हती, पण टूथब्रश बक्कळ.

दोन हिवाळ्यांमागे डॉक्टरांनी इंग्रिडबाईंना पाठवलं. म्हाताऱ्या माणसांना विचारून नकाशा करायचं त्यांचं काम. एक रेकॉर्डर, एक भला मोठा नकाशा आणि हिरव्या टिकल्यांची पाकिटं घेऊन बाई घरोघर फिरल्या. गावातल्या एकेचाळीस म्हाताऱ्यांना त्यांनी हळुवार आवाजात विचारलं, "पूर्वजांपासून तुम्ही जिथून अन्न गोळा करत आलात, ती जागा दाखवाल मला?"

आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांनी आधी छताकडे बघितलं, मग बुटांकडे, मग उसासा टाकला आणि म्हणाले, "दलदल."

इंग्रिडबाईंनी अहवालात लिहिलं, "या स्थळाविषयी बोलताना वृद्धांना गहिवरून येत होतं." नकाशावर दलदलीच्या जागी टिकल्यांवर टिकल्या चढून हिरवा डोंगर तयार झाला. अहवालाने निष्कर्ष काढला, की समस्त अल्गॉन्क्विन राष्ट्राचं सगळ्यात पवित्र स्थान म्हणजे टॅमरॅक पोर्टेजची दलदल. सरकारने हे वाचलं आणि सरकारला केवढा आनंद झाला असेल. दलदल पाहिजे? घ्या ना. सगळी घ्या. ट्रॅक्टरसकट.

हे सगळं टॅन्सीला कळलं ते जूनच्या शेवटच्या आठवड्यात. सोळा वर्षांची टॅन्सी, जी डिसेंबरपर्यंत वर्गात हजेरी देतानाही तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, तिला मार्चमध्ये जिल्ह्याच्या वादस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून ती पावाच्या दुकानातही मुद्देसूद बोलत असे. सुट्टीत तिला वाटाघाटीच्या गावातल्याच एका कचेरीत काम मिळालं. पदाचं नाव होतं सहायक नकाशा समन्वयक. म्हणजे चहा करायचा आणि टपाल फोडायचं.

त्या दिवशी टपालात गुंडाळलेला नकाशा आला. तिने तो टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. हिरवं ते गावाला मिळणार. करडं ते सरकारकडे. दलदल हिरवीगार होती. तिच्या शेजारी, कपाच्या बुडाखाली अर्धा झाकलेला, जळका डोंगर करडा होता, आणि करड्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: रस्त्यासाठी खडीची खाण.

टॅन्सीने कप उचलून पुन्हा वाचलं. खडीची खाणच होती.

घरी कोकोम मागच्या पायरीवर बसून मासे साफ करत होती.

"कोकोम, इंग्रिडबाई आल्या होत्या तेव्हा तू त्यांना काय सांगितलंस?"

"खरं ते."

"म्हणजे काय?"

"दलदल."

"आणि ऑर्व्हिलकाकांनी काय सांगितलं, माहितीये?"

ऑर्व्हिल शार्बोनो म्हणजे शेजारचे. रस्ते खात्यात चाळीस वर्षं रस्ता सपाट करायचा ग्रेडर चालवून निवृत्त झालेले, सहा फुटी, आणि कोकोमशी गेली पन्नास वर्षं फक्त हवामानावर बोलणारे.

"काय सांगितलं मेल्याने?"

"दलदल."

"लबाड आहे तो," कोकोम म्हणाली.

"सगळ्यांनी तेच सांगितलंय. एकेचाळीस जणांनी."

कोकोमचा सुरा जरा थांबला. "एकही चुकला नाही? बघ, याला म्हणतात वळण."

"वळण काय, कोकोम. सगळ्यांचं ऐकून त्यांनी आपल्याला दलदल दिलीये. आणि जळका डोंगर फोडून खडी करणारेत. शनिवारी सभा आहे. गावाने हो म्हटलं की चार वाजता नकाशा बंद. मग कुणालाच काही करता येणार नाही."

कोकोमने मासा खाली ठेवला. मग बादलीत हात धुतले, एकेक बोट वेगळं करून, जणू त्यावर काही लिहिलेलं होतं.

"शनिवारी तू उभी राहा," ती म्हणाली. "सांग त्यांना, नकाशा चुकलाय."

"आणि कुठे चुकलाय म्हणून विचारलं तर?"

"ते सांगायचं नाही."

"कुठे चुकलाय ते न सांगता चुकलाय असं कसं सांगू?"

"बक्षीस तुला मिळालंय का मला?"

"आणि सांगितलंच तर?"

"तर डोंगर राहील," कोकोम म्हणाली. "पण ऑर्व्हिलला कळलेल्या जागी मी पाय ठेवत नाही. तुलाही नेणार नाही. राहील आपला तिथे, टपालाच्या तिकिटावर छापायला."

टॅन्सीला रात्रभर मुद्दे सुचले, पण प्रत्येक मुद्दा फिरून डोंगराच्या नावाशीच येऊन थांबायचा. नाव घेतलं तर कोकोम गेली. नाही घेतलं तर डोंगर गेला. वादस्पर्धेत असले विषय देत नाहीत.

शनिवारी दुपारी एक वाजता सभागृह भरलं. गावात सभेला लोक दोन कारणांनी येतात, मूसचा रस्सा आणि नंतरचा बिंगोचा खेळ. मधलं जे असतं ते सहन करतात. म्हातारी मंडळी पुढच्या खुर्च्यांवर, मांडीवर रश्श्याचे वाडगे आणि बॅनक रोटीचे जाडजूड तुकडे. डॉक्टर अल्गॉन्क्विन समारंभात घालतात तसा रंगीत फितींचा शर्ट घालून आले होते. शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. त्यांच्या डाव्या हाताला इंग्रिडबाई, उजव्या हाताला सरकारचे वकील श्री. पेंडरगास्ट, जे एकदा घड्याळाकडे बघायचे आणि एकदा रश्श्याकडे.

आधी डॉक्टरांनी सर्वांना टूथब्रश वाटले. मग पडद्यावर "स्वशासनाचा आराखडा" दाखवला. त्यात चौकोन होते, चौकोनांतून बाण निघून दुसऱ्या चौकोनांत शिरत होते, आणि एकूण चौदा समित्या होत्या.

"चौऱ्याण्णव माणसांना चौदा समित्या," ऑर्व्हिलकाका शेजाऱ्याला म्हणाले. "म्हणजे माणशी किती पडतात?"

"तुला एक पुरे," शेजारी म्हणाला. "रस्सा समिती."

मग नकाशा आला. डॉक्टरांचा आवाज खरोखर भरून आला. "तुमच्या मनातलं आम्ही ऐकलं. वकीलसाहेब साक्षीला आहेत, आम्ही टेबलावर अडून बसलो. काहीही जाऊ दे, पण दलदल जाऊ देणार नाही म्हटलं. आणि आज मी अभिमानाने सांगतो, दलदल तुमची आहे. सगळीच्या सगळी."

चमचे थांबले. एकेचाळीस म्हाताऱ्यांनी एकदम छताकडे बघितलं, मग बुटांकडे. नुकताच हिरवा झालेला तो नकाशा त्यांच्यासमोर लटकत होता आणि जळक्या डोंगरावरचं करडं प्रत्येकाला दिसत होतं, पण बोलणार कोण? तोंड उघडलं की दोन गोष्टी कबूल: एक, आपण इंग्रिडबाईंना थापा मारल्या, आणि दुसरी, जिच्यापुढे पहिली काहीच नाही, आपली जागा कुठे आहे.

"कुणाची हरकत?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. या गावात गप्प बसणं म्हणजे होकार नसतो. सहसा ते त्याच्या नेमकं उलट असतं, आणि डॉक्टर कधी एक अख्खा हिवाळा इथे राहिले असते तर त्यांना ते कळलं असतं. पण डॉक्टरांकडे नियमावली होती.

"कलम चौदा," ते हसून म्हणाले, "हरकत न आल्यास संमत. तर मग लिहा, एकमताने..."

"नकाशा चुकलाय," टॅन्सी म्हणाली.

तिला वाटलं होतं आवाज कापेल. नाही कापला. उलट जरा जास्तच मोठा आला, मागे बिंगोचे आकडे लावणाऱ्या बाईंपर्यंत.

डॉक्टरांनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं, जसं दाढ न दुखणाऱ्या लहान पेशंटकडे बघतात. "कुठे चुकलाय, बेटा?"

"ते मी सांगू शकत नाही."

"बरं. मग कुणी सांगू शकेल? कारण इथे एकेचाळीस वृद्धांची साक्ष आहे. त्यांच्यापैकी कुणी असत्य बोललं असं तर तुला म्हणायचं नाही ना?"

कोकोम आपल्या वाडग्यात काहीतरी शोधत होती.

"नाही," टॅन्सी म्हणाली. "असत्य कुणी बोललं नाही. पण प्रश्न चुकीच्या पद्धतीने विचारला गेला. चारचौघांत असलं काही आम्ही सांगत नाही. रेकॉर्डरसमोर तर नाहीच. मत देताना तुम्ही आडोसा देता ना? मग याला का नाही? मी नकाशाच्या एकेचाळीस छोट्या प्रती काढून आणल्यात. तिकडे कोठीघर आहे. एकेकाने आत जायचं, दार लावायचं, जिथे पाहिजे तिथे फुली मारायची, कागदाची घडी घालून बिंगोच्या डब्यात टाकायची. नाव घालायचं नाही."

"आणि उघडल्यावर?" ऑर्व्हिलकाकांनी विचारलं. हवामानाखेरीज त्यांनी सभेत काही बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "उघडल्यावर सगळ्यांना दिसणारच की."

"उघडतील फक्त इंग्रिडबाई आणि मी. मोठ्या नकाशावर फुल्या येणार नाहीत. फक्त भोवतीची हद्द, चांगली दोन-तीन मैलांची. आत कोण नेमकं कुठे, ते कळायचं नाही. आणि कुणी विचारलंच तर तुम्ही म्हणा, मी तर दलदलच लिहिली."

हा शेवटचा मुद्दा पटला. म्हातारी मंडळी खुर्च्या सरकवून उठायला लागली.

"ही प्रक्रिया नियमावलीत नाही," डॉक्टर म्हणाले.

"असू दे हो," इंग्रिडबाई पहिल्यांदाच बोलल्या. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत चालला होता. "मला बघायचंय."

मग रांग लागली. एकेक जण कोठीघरात जायचा, आत पिठाची पोती आणि पेन्सिल, बाहेर येऊन डब्यात घडी टाकायचा आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणायचा, "दलदल लिहिली मी."

"मीसुद्धा. दलदल."

"दुसरं आहे काय लिहायला?"

ऑर्व्हिलकाका आत जाताना दारात वाकले, बाहेर आले आणि कोकोमकडे न बघता म्हणाले, "दलदल. पाऊस येईलसं दिसतंय." कोकोमने सगळ्यात जास्त वेळ घेतला. बाहेर आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं.

इंग्रिडबाई आणि टॅन्सीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर घड्या उघडल्या. पहिली उघडली: जळका डोंगर. दुसरी: जळका डोंगर. दहावी उघडेपर्यंत टॅन्सीला हसू आवरेना आणि इंग्रिडबाईंना रडू. पन्नास-साठ वर्षं अख्खं गाव हातात गळ घेऊन, उलटे ट्रक लावून, एकाच डोंगरावर चोरून जात होतं. सगळं मिळून झालं असं: तीन कागद कोरे. सदतीस फुल्या डोंगरावर. आणि एक फुली दलदलीत, अगदी ट्रॅक्टरच्या डोक्यावर.

ती फुली टॅन्सीने लगेच ओळखली. घरच्या जॅमच्या बरण्यांच्या झाकणांवर असते तशीच, एक पाय लांब.

तिने ती घडी गपचूप बाकीच्यांत सारली.

बाहेर येऊन इंग्रिडबाईंनी एवढंच सांगितलं, की अहवालाचा निष्कर्ष त्या मागे घेत आहेत, आणि हिरवी हद्द जळक्या डोंगराभोवती असायला हवी. साडेतीन वाजले होते. पेंडरगास्ट म्हणाले की चारपर्यंत गावाचा ठराव आला तर त्यांना तो वर पाठवावाच लागेल. दलदल सोडायचीच असेल तर अदलाबदल करता येईल, खडी काय, दुसरीकडेही मिळते. त्यांनी दुसरा वाडगा घेतला होता आणि त्यांचा सूर बराच मवाळ झाला होता.

"मी ठराव मांडते," टॅन्सी म्हणाली. "दलदल परत द्यावी आणि डोंगर घ्यावा."

"तुला मांडता येणार नाही," डॉक्टर म्हणाले, वाईट वाटून. "तू अठराची नाहीस. यादीत नाहीस."

हे खरं होतं. पाच तासांवरच्या लोकांना मत होतं, पण तिला नव्हतं.

"मी मांडतो," ऑर्व्हिलकाका उठले. "पोरगी काय म्हणाली ते. मी यादीत आहे. आईच्या बाजूने."

"अनुमोदन," कोकोम बसल्या जागेवरून म्हणाली. "पाऊस यायच्या आत घरी जायचंय."

डॉक्टरांनी शर्टाच्या फिती सारख्या केल्या. "ठीक आहे. कुणाची हरकत?"

पुन्हा तीच शांतता. तेच छत, तेच बूट. डॉक्टर वाट बघत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारा माणूस, त्यांनी स्वतःचं तोंड उघडलं, एकेचाळीस चेहऱ्यांकडे बघितलं आणि मिटलं.

"कलम चौदा," टॅन्सी म्हणाली.

पेंडरगास्ट यांनी लिहून घेतलं. मग बिंगो झाला.

सरकारचं पत्र यायला ऑगस्टचा पहिला आठवडा उजाडला. डोंगर हिरवा झाला होता. दलदल सरकारने "अतीव खेदाने" परत घेतली होती, आणि तिची पवित्रता ध्यानात घेऊन तिथे चार भाषांत एक फलक लावण्याचा विचार चालू होता.

त्याच आठवड्यात, सोमवारी, कोकोमने जॅकेटमध्ये बादली लपवली. ट्रक लाकूडगिरणीपाशी उलट्या तोंडाने लावला.

"आता कशाला?" टॅन्सी म्हणाली. "सगळ्यांना माहितीये."

"गळ घे."

डोंगरावर ब्लूबेरी गच्च होत्या. काही झुडपं आधीच तोडलेली होती, नीट, फांदी न मोडता. खडकाच्या मधल्या ओल्या मातीत बुटाचा ठसा होता, होडीएवढा.

"अस्वल येऊन गेलं," कोकोम म्हणाली.

"कोकोम, तुझी फुली बघितली मी. एकटी तू दलदलीवर मारलीस. सगळ्यांनी तसंच केलं असतं तर?"

"नसतं केलं. मला ठाऊक होतं ते डोंगरच लिहितील."

"तुला माहीत होतं? सगळे इथे येतात ते?"

कोकोम बादलीवर वाकली. "सोमवार माझा. गुरुवार ऑर्व्हिलचा. लॅमूरे बहिणी रविवारी चर्चनंतर येतात, वरच्या अंगाला. एकमेकांच्या दिवशी कुणी येत नाही, कच्चं कुणी तोडत नाही, पूर्वेकडचं अस्वलांसाठी सोडतात. खऱ्या अस्वलांसाठी."

"मग म्हणत का नाहीस की ऑर्व्हिलकाका येतात म्हणून?"

"म्हटलं असतं तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं. मग तो काहीतरी बोलला असता. मग सभा घ्यावी लागली असती." ती जरा थांबली. "चौदा समित्या झाल्या असत्या."

"पण हे ठरवलं कुणी? दिवस वगैरे?"

"कुणी नाही. बुधवार मोकळा आहे," कोकोम मान वर न करता म्हणाली. "लॉरेटाचा होता, ती गेली तीन हिवाळ्यांमागे. बुधवारी तू ये. एकटी. मला सांगू नकोस."

टॅन्सी पुढच्या झुडपापाशी सरकली. बोलायचं नसतं एवढं तिला आता कळलं होतं. घरी जाताना तिने थर्मासचं ते जुनं झाकण पुसून पुन्हा खडकावर ठेवलं.

बुधवारी ती एकटी गेली. गुरुवारी सकाळी कचेरीत आली तेव्हा तिची बोटं, ओठ आणि बाही निळी होती. डॉक्टर आले होते, नव्या टूथब्रशांचा खोका घेऊन.

"वा," ते म्हणाले. "ब्लूबेरी? माझ्या बायकोला फार आवडतात. मिळतात कुठे इथे?"

टॅन्सीने आधी छताकडे बघितलं. मग बुटांकडे. मग एक मोठा उसासा टाकला.

"दलदलीत, डॉक्टर," ती म्हणाली. "बूट मात्र उंच घाला."